आदिलाकाठचं सोलापूर : वस्ती, पेठा, तळी आणि पाण्याचा दिवस

नाल्याकाठचा

परवा ह्याच मंचावर कुणीतरी "निवृत्तीनंतर कुठं राहावं" ह्या चर्चेत सोलापूरला एका ओळीत निकालात काढलं. "उन्हाळा भयंकर, नदी नाही." उन्हाळ्याबद्दल मी भांडणार नाही, मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा आम्हीही दुपारी दारं लावून पडून असतो. पण नदी आहे. मी तिच्या काठावर राहतो.

पुण्याहून येणारी गाडी लांबोटीला सीना ओलांडते, पुढे बाळे येतं, खिडकीतूनच खंडोबाला नमस्कार होतो, आणि मग सगळे बॅगा काढायला लागतात. बाळे आणि जुना पुणे नाका ह्यांच्या मधे गाडी आणखी एक नदी ओलांडते. ती आदिला. हिप्परग्याच्या तळ्याकडून येते, शहराला उत्तरेकडून वळसा घालून पश्चिमेला देगावच्या अंगाने जाते आणि पुढे सीनेला मिळते. सीना हत्तरसंग कुडलला भीमेत, भीमा कृष्णेत. म्हणजे आमच्या सोसायटीमागचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं, फक्त मधल्या काळात त्याला सगळे "नाला" म्हणतात.

तिला नदीपण राहिलं नाही ह्याचं मोठं कारण म्हणजे हिप्परगा. एकरुखचा हा तलाव इंग्रजांनी आदिलेवरच बांधला, १८७१ ला पूर्ण झाला. नदीच वर अडवली म्हटल्यावर खाली काय येणार? जे येतं ते गावाचं सांडपाणी. वर्षातले आठ-नऊ महिने पात्रात वेडी बाभूळ, पाणकणीस, गवळ्यांच्या म्हशी आणि मे महिन्यात असा वास, की पाहुण्यांना गच्चीवर न्यायची सोय नाही.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. सीनेला असा पूर आला की लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद करावा लागला. इकडे हिप्परगा तुडुंब, सांडव्यावरून पाणी, वरून पाऊस. अवंती नगर, वसंत विहारच्या बाजूला आदिला लोकांच्या दारात आली. आमच्या पार्किंगमध्ये गुडघ्याच्या वर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर पुलाच्या कठड्याला काड्या, चिंध्या, प्लास्टिक आणि एका चपलेची अशी सरळ रेघ अडकून राहिली होती, की कुणी पट्टी धरून आखली असावी. ती रेघ बघून आमच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "बरोबर आहे, हे पात्रच आहे. आपण आत बसलोय." बिल्डरच्या माहितीपत्रकात ह्या जागेला "निसर्गरम्य परिसर" म्हटलं होतं, नदीचं नावही नव्हतं.

तर ह्या धाग्यात सोलापूरकरांनी आपापल्या भागाबद्दल लिहावं. पाण्याच्या अंगाने लिहिलंत तर उत्तम, कारण माझं मत असं आहे की हे शहर पेठांनी ओळखायचं नसून कुठल्या तळ्याचं, कुठल्या टाकीचं पाणी कुणाला येतं ह्यावरून ओळखायचं आहे.

कडक_भाकरी

नदी!! हसलालो बे मी सकाळी सकाळी. आम्ही शाळेत असताना तिथं चेंडू गेला तर नवा चेंडू आणायचो, पण आत उतरायचं नाही.

चंद्रभागातीर

आम्ही पंढरपूरकर हा धागा मोठ्या प्रेमाने वाचत आहोत. नदी बघायची असेल तर या इकडे, सत्तर-बहात्तर किलोमीटर तर अंतर. घाट आहेत, होड्या आहेत, पुंडलिकाचं देऊळ आहे. सोलापूरकरांनी नाल्याला नाव देऊन समाधान मानू नये.

कडक_भाकरी

चंद्रभागेत वर उजनी धरणातून सोडल्याशिवाय किती पाणी असतं ते वारीच्या आधी आम्हाला ठाऊक आहे मालक. बसा निवांत.

उत्तर_कसबा

भांडण बाजूला ठेवा. मूळ गावाबद्दल लिहितो, कारण सोलापूर नदीकाठी वसलेलं नाहीच, ते तळ्याकाठी आहे. सिद्धेश्वर तलाव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो खोदवून घेतला, अडुसष्ट लिंगं स्थापली, मधोमध देऊळ. एका अंगाला भुईकोट किल्ला, दुसऱ्या बाजूला होम मैदान. ज्याला गाव एका दिवसात बघायचं असेल त्याने सकाळी सहाला किल्ल्याच्या बागेतून तळ्याकडे यावं, देवळात जावं आणि तिथून चालत मधला मारुतीला. बाकी गाव त्याच्याभोवती वाढत गेलं. वेशी गेल्या, नावं राहिली: बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस.

गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, तिच्याबद्दल बाहेरच्यांना वाटतं की पाळणे, खेळणी, भेळ. ते होम मैदानावर असतंच. पण खरी यात्रा नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची. सात नंदीध्वज, वेगवेगळ्या समाजांकडे त्यांचा मान. यात्रेचे मानकरी हिरेहब्बू, त्यांच्या वाड्यापासून निघतात, पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत अख्खं गाव फिरतात. भोगीला तळ्याजवळ संमती कट्ट्यावर अक्षता: सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न. संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम.

अक्षतेला एकदा गर्दीत उभं राहून बघा. पांढरी बाराबंदी, पांढरा फेटा, पांढरा समुद्रच. पण नजर ध्वज धरणाऱ्याच्या कमरेकडे ठेवा. कमरेला पट्टा, त्यात ध्वजाचा बुंधा, दोन हात वर, आणि मान वर करून तो फक्त टोकाकडे बघत चालतो. रस्त्याकडे बघायचं काम त्याच्या पुढच्याचं. संक्रांतीच्या रात्री ध्वजाला नागफणी (नागाचा फणा) बांधली की वजन आणखी वाढतं. गल्लीतली पोरं महिनाभर आधीपासून सराव करतात, आणि ज्याला पहिल्यांदा ध्वज मिळतो त्याची आई त्या दिवशी जेवत नाही. निदान आमच्या घरी तरी नाही जेवली.

अक्षतेच्या वेळी "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" सुरू झालं की कोण लिंगायत, कोण मराठा, कोण पद्मशाली, कोण मुसलमान काही कळत नाही. मला तरी ह्या गावाची सगळ्यात चांगली बाजू तिथेच दिसते.

पूर्वभागकर

उत्तर कसब्याच्या अण्णांनी छान लिहिलंय, पण नेहमीप्रमाणे सोलापूर कन्ना चौकाच्या अलीकडेच संपलं. पलीकडे आम्ही राहतो ओ.

पूर्वभाग म्हणजे साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक, पुढे अक्कलकोट रोडची औद्योगिक वसाहत, नीलम नगर, विडी घरकुल. घरात तेलुगू, बाजारात मराठी, मालाची बोली हिंदीत, आणि भांडण तिन्हीत. आमचे पणजोबा तेलंगणातून आले. इथे जुनी मिल १८७७ ला उभी राहिली, त्याच सुमाराला १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. माग जाणणारी माणसं आणि भोंगा वाजवणाऱ्या गिरण्या, जमलं. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल असं वाढत गेलं. गिरण्या बंद पडल्या, आम्ही घरात यंत्रमाग टाकले.

चादर सगळ्यांना माहीत, ती कशी होते ते कमी जणांना. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड असतं. त्यावर भोकं पाडलेले पुठ्ठे दोरीने एकमेकांना ओवून माळेसारखे लटकवलेले. धोट्याची एक फेक, एक पुठ्ठा. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला राहतो, आणि हळूहळू मोर उतरतो. एक पुठ्ठा उलटा ओवला गेला तर मोराची मान तुटते आणि अख्खा ताणा डोळ्यांदेखत वाया. माझे वडील आवाजावरून सांगायचे की पुठ्ठा कुठे अडकलाय. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी रस्त्यावर "सोलापुरी" म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं कापड सोलापूर बघितलेलं नसतं. सध्या आमच्या गल्लीत चादरीपेक्षा टॉवेलच जास्त निघतो, चादरीचं गिऱ्हाईक पातळ झालंय.

पाण्याच्या अंगाने म्हणालात तर: सूत रंगवायला पाणी लागतं, आणि ते आम्हाला नळाने कधीच पुरलेलं नाही. बोअर आणि टँकर. घरातल्या बायका विडी वळतात, त्यांची तेंदूची पानंही आधी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात, कोरडी कातरली तर फुटतात. पाण्याचा दिवस चुकला की आमच्या सासूबाई पिण्याच्या घागरीतलं तांब्याभर पाणी आधी पानांना देतात, मग चहाला. पानं, तंबाखू, दोरा घेऊन यायचं, वळायचं, विडी कारखान्याच्या ब्रँचला नेऊन द्यायचं, तिथे छाट (नापास विड्या) काढली की हजाराचा हिशेब कमी. हे सगळं उंबऱ्यावर बसून, समोरच्या बाईशी गप्पा मारत.

सण सांगायचे तर नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ आणि नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा. फुलांचे थर ताटात रचायचे, बायकांनी भोवती फेर धरायचा, आणि शेवटी ती फुलं पाण्यात सोडायची. आता बघा, सोडायला पाणी कुठलं? तळंच.

माहेरवाशीण

पूर्वभागकर भावजी, सासूबाईंचा तांब्या वाचून माझं माहेर आठवलं. मी लग्नानंतर पुण्यात, माहेर होटगी रोडला. आईला फोन केला की पहिला प्रश्न माझा असतो, "आज पाण्याचा दिवस आहे का?" असेल तर फोन दोन मिनिटांत संपतो.

इथल्या पुणेकरांना कळावं म्हणून सांगते. पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी, कधी पाच. वेळ ठरलेली नाही, पहाटे तीनला पण येतं. पाणी सोडणारा चावीवाला मामा आला की गल्लीत बातमी त्याच्या सायकलच्या आधी पोहोचते. मग पिंप, टाकी, बादल्या, घागरी, कुकर, सगळं भरायचं. जुनं पाणी ओतून नवीन भरायचं का जुनं वापरून संपवायचं ह्यावरून आमच्या घरी सासू-सुनांचे दोन पक्ष आहेत. लग्नाची तारीख काढताना गुरुजींनी मुहूर्त दिला आणि बाबांनी वहीत बघून विचारलं, "त्या दिवशी पाणी आहे का?" ही थट्टा नाही.

नाल्याकाठचा

ताई, हीच तर गंमत आहे. शहराला पाणी येतं कुठून? एक उजनीहून थेट जलवाहिनीने, साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटरवरून. दुसरं भीमेवरच्या टाकळीहून, तिथे औज बंधारा भरावा लागतो आणि तो भरायला उजनीतून नदीत पाणी सोडावं लागतं. वाटेत ऊन आणि वाळू किती पितात ते वेगळंच. तिसरं आमच्या हिप्परग्यातून, जेव्हा असेल तेव्हा. उशाला नदी असलेलं शहर शंभर किलोमीटरवरच्या धरणाकडे डोळे लावून बसतं.

म्हणून तर इथे जूनपासून ऑगस्टपर्यंत चहाच्या टपरीवर एकच विषय: "उजनी प्लसमध्ये आलं का?" धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त, त्रेसष्ट-चौसष्ट टीएमसी, मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी. त्याच्या खाली गेलं की "मायनस". जगात दुसऱ्या कुठल्या गावात रिक्षावाला टीएमसीत बोलतो असं मला वाटत नाही.

चंद्रभागातीर

हे मात्र कबूल. आमच्याकडेही उजनीचा विसर्ग किती क्युसेक हे पोरंसोरं सांगतात.

जुळे_सोलापूर

धागा आवडला. थोडं स्वार्थी विचारतो. जुना पुणे नाक्याच्या बाजूला सदनिका बघतोय, किंमत जुळे सोलापूरपेक्षा परवडते. पुराचं वाचून धास्ती बसली. घ्यावी का?

नाल्याकाठचा

जुळे, भाग वाईट नाही. एसटी स्थानक जवळ, महामार्ग हाताशी, भाजी स्वस्त. पण सदनिका बघायला जाण्याआधी पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. निळ्याच्या आत असेल तर घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो. दोन्हींच्या मधे असेल तर तळमजला सोडा.

कागदापेक्षा खात्रीचं म्हणजे शेजारच्या जुन्या घरांच्या भिंती. सप्टेंबर २०२५ ची ओल चुन्यावर अजून दिसते, नवा रंग दिलेला असला तर विचारा की का दिला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, त्याने पोती किती उंचावर ठेवली होती. बिल्डरच्या माणसाला काही विचारू नका. आणि काळी माती आहे, ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे पाया कितपत खाली नेलाय हे एखाद्या ओळखीच्या अभियंत्याकडून बघून घ्या. त्याचे पैसे लागले तरी चालतील.

पूर्वभागकर

जुळे सोलापूरवाल्यांना पूर नाही, पण पाणीही नाही. शेवटी काय, एक निवडा. :)

जुळे_सोलापूर

आम्हाला निदान विजापूर रोडला कंबर तलाव आहे ओ. (धर्मवीर संभाजी तलाव म्हणायचं हल्ली.) जलपर्णीने भरतो, काढतात, परत भरतो. तरी संध्याकाळी तिथे बरं वाटतं. बाकी आमच्या भागाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. सरळ रस्ते, शिकवण्या, मंगल कार्यालयं.

पाणथळ

हिप्परग्याबद्दल कुणीच चांगलं बोललं नाही म्हणून आलो. थंडीत तुळजापूर रोडने तिथे जा. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात, बदकं असतात, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो) दिसतात. सूर्य वर यायच्या आत पोहोचा, नंतर मोटारींचे भोंगे आणि सेल्फीवाले. पाणी उतरतं तेव्हा काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो, तिथेच सगळे चरायला उतरतात, म्हणजे तळं काठोकाठ भरलेलं असेल त्या वर्षी पक्षी उलट लांब दिसतात. गणपतीनंतर काही दिवस मात्र जाऊ नका, खाणीकडच्या बाजूला विसर्जन होतं, तिथलं दृश्य बघवत नाही.

आणि कोजागरीला तुळजापूरला चालत जाणारे हजारो लोक ह्याच रस्त्याने रात्रभर जातात. एका बाजूला तळ्यात चांदणं, दुसऱ्या बाजूला "आई राजा उदे उदे", मधे फुकट चहा आणि केळी वाटणारे मांडव. पायाला फोड आलेल्यांचे पाय चोळून देणारी पोरंही असतात.

उत्तर_कसबा

आजोबा गणपतीचा उल्लेख राहिला. शुक्रवार पेठ. १८८५ पासूनचा सार्वजनिक गणपती असं सांगतात. पुण्याच्या लोकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो, एवढ्यासाठी तरी लिहिलं.

आणि चार हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला होता, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिली. नावं पुन्हा वाचा, चार नावांत हे गाव आलं. त्यांच्या पुतळ्यांचा चौक सगळे रोज ओलांडतात, थांबत कुणी नाही, मीही नाही.

माहेरवाशीण

खाण्यावर कुणीच लिहिलं नाही? सोलापूरचा धागा आणि शेंगा चटणी नाही?

कडक_भाकरी

मी त्यासाठीच तर नाव घेतलंय अक्का. ऐका. शेंगा चटणी मिक्सरमधली नको, खलबत्त्यात कुटलेली पाहिजे, बोटाला तेल सुटलं पाहिजे. दाणे भाजून गार होऊ द्यायचे, मग लसूण, तिखट, मीठ, जिरं. गरम दाणे कुटले की चटणीचा गोळा होतो, मग ती प्रवासात टिकत नाही. सोबत ज्वारीची किंवा बाजरीची कडक भाकरी, पापडासारखी मोडणारी. दही. कच्चा कांदा. संपलं. संक्रांतीला शेंगा पोळी, भोगीला भज्जी (मिश्र भाजी) आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. लिंगायतांच्या घरी लग्नात हुग्गी (गव्हाची खीर) मिळाली तर दुपारची कामं रद्द करा. रमझानमध्ये रात्री विजापूर वेशीत मीना बाजार, शिक कबाब खायला आमच्या गल्लीतले माळकरी सोडून सगळे येतात. माळकरी खजूर घ्यायला येतात.

डिसेंबर-जानेवारीत हुरडा. मंगळवेढ्याकडची ज्वारी, कोवळं कणीस, आगटीत (निखाऱ्यांच्या खड्ड्यात) भाजलेलं, हातावर चोळून. तो शहरात नाही मिळणार, शेतात ओळख काढा.

जुळे_सोलापूर

ओळख काढायला धाग्यावरच सगळे आहेत की. डिसेंबरात एखाद्या रविवारी जमायचं का? सकाळी हिप्परगा, मग कुणाच्या तरी शेतात.

पाणथळ

हिप्परगा माझ्याकडे. साडेसहाला सांडव्यापाशी. दुर्बीण एकच आहे, पाळीपाळीने.

पूर्वभागकर

माझा सुट्टीचा दिवस रविवार नाही, आमच्या भागात कारखान्यांना वीज बंद असते त्या दिवशी सुट्टी. पण येतो, मागावर भावाला बसवतो.

चंद्रभागातीर

पाहुण्यांना परवानगी आहे का?

कडक_भाकरी

या की मालक. येताना पंढरपुरी चुरमुरे आणा, आणि आदिलेला नाला म्हणायचं नाही. शेत माझ्या मेहुण्याचं आहे, तिऱ्ह्याच्या पुढे, सीनेच्या काठाला. पुरात त्याची निम्मी माती वाहून गेली, राहिलेल्या पट्ट्यात ह्या वर्षी ज्वारी पेरलीय. कोण कोण येणार ते खाली लिहा, म्हणजे त्याला आगटीला गोवऱ्या किती लागतील ते सांगतो.